साताऱ्याच्या शाळेतला भिवा आणि माफीचा प्रश्न

दरवर्षी ७ नोव्हेंबरला महाराष्ट्रात विद्यार्थी दिन साजरा होतो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात भिवा रामजी आंबेडकर या नावाची नोंद झाली. आमच्या हिमायतनगर तालुक्यातल्या शाळांतही त्या दिवशी प्रतिमेला हार घातला जातो, भाषणे होतात, एखादा विद्यार्थी बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी पाठ म्हणून दाखवतो. पण त्या शाळेने आत घेतलेल्या मुलाला वागवले कसे, याबद्दल फारसे कुणी बोलत नाही. प्रवेश झाला एवढ्यावर कार्यक्रम संपतो.

आम्ही हा विषय आज काढतोय त्याला कारण आहे. वसतिगृहांत आणि आश्रमशाळांत राहून शिकलेल्या मुलामुलींशी आमचे रोजचे बोलणे असते. हिमायतनगर, हदगाव, किनवट या पट्ट्यात बौद्ध, मातंग, गोंड, आंध, कोलाम, बंजारा अशी सगळी लेकरे कुठल्या ना कुठल्या निवासी शाळेतून गेलेली आहेत. घरची बोली बोलल्यावर वर्ग हसला, आडनाव ऐकून बाईंचा आवाज बदलला, ताट वेगळे ठेवले गेले, हे ती सांगतात. मग घरातले किंवा गावातले कुणीतरी मोठे माणूस म्हणते की झाले गेले विसरा, माफ करा, पुढे चला. त्यात आपण बौद्ध, म्हणजे तर माफ केलेच पाहिजे असा आणखी एक दाब. ॲट्रॉसिटीची केस मागे घ्यायला लावताना याच सुरात बोलले जाते, हे आमच्या कामात आम्ही वारंवार ऐकतो.

हा प्रश्न जगाच्या दुसऱ्या टोकालाही विचारला गेला आहे. कॅनडात दीड लाखाहून जास्त आदिवासी मुलांना घरापासून तोडून सरकार आणि चर्च चालवत असलेल्या निवासी शाळांत ठेवले गेले. केस कापले, भाषा बंद केली, नावे बदलली. हजारो मुले परत आलीच नाहीत. शेवटच्या शाळा १९९० च्या दशकात बंद झाल्या. तिथल्या पंतप्रधानांनी २००८ साली संसदेत माफी मागितली, सत्यशोधन आयोगाने सहा हजारांहून अधिक लोकांचे म्हणणे ऐकले आणि २०१५ मध्ये ९४ शिफारशी दिल्या. २०२२ साली पोपनी तिथे जाऊन माफी मागितली. त्या शाळांतून जिवंत बाहेर पडलेल्यांपैकी काहींनी माफ केले, काहींनी साफ नकार दिला, आणि बऱ्याच जणांनी आधी शिफारशी अमलात आणा, मग बोलू, असे सांगितले.

आपल्याकडे असा आयोग कधी बसला नाही. आपल्याकडे आहे ते एका माणसाचे आयुष्य. ते आयुष्य आम्ही इथे फक्त या एका बाजूने मांडतो आहोत. शाळेने जखम केली, त्या जखमेचे बाबासाहेबांनी काय केले?

रामजी सुभेदार स्वतः लष्करी शाळेत शिक्षक होते. फौजेत असलेल्यांच्या मुलांना, अगदी मुलींनाही, तिथे शिकावेच लागे. त्यामुळे हे घर वाचणारे होते, पहाटे उठून मुलांचा अभ्यास घेणारे होते. १८९१ साली महूला जन्मलेला भिवा हा त्या घरातला धाकटा. आई भीमाबाई तो लहान असतानाच गेली. सांभाळले आत्या मीराबाईने. म्हणजे हे पोर शाळेत गेले ते अक्षरशत्रू घरातून आलेले बुजरे पोर नव्हते. हे लक्षात ठेवायला हवे, कारण अपमान अज्ञानामुळे होतो, शिकलात की थांबतो, असे जे सांगितले जाते ते या पहिल्याच पायरीवर खोटे ठरते.

वर्गात त्याला बसायला वेगळा कोपरा होता. बसण्यासाठी गोणपाटाचा तुकडा. तो तुकडा शाळेचा शिपाई हातात धरणार नाही, म्हणून भिवाने तो रोज संध्याकाळी घरी न्यायचा आणि सकाळी परत आणायचा. पाण्याचे त्याहून वाईट. बाकीची मुले तहान लागली की मास्तरांना विचारून नळावर जात. भिवाने विचारून भागत नसे, कारण नळाला त्याचा हात लागता कामा नये. शिपायाने तोटी सोडली तर पाणी. शिपाई नसला तर पाणी नाही. पुढे अनेक वर्षांनी बाबासाहेबांनी हे लिहिले तेव्हा या सगळ्याचा सारांश त्यांनी एवढाच काढला होता, शिपाई नाही तर पाणी नाही. साताऱ्यात धोबी होते, पण घरचे कपडे बहिणी धूत. न्हावी होते, पण भावांचे केस मोठी बहीण कापत असे. पैसे नव्हते म्हणून नव्हे. पैसे देऊनही कुणी हात लावायला तयार नव्हते.

नऊ-दहा वर्षांचा असताना त्याने केलेला प्रवास आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे, पण आम्हाला तो पुन्हा सांगायचा आहे, कारण त्यातल्या एका गोष्टीकडे आपले लक्ष जात नाही. १९०१ च्या उन्हाळ्यात वडील खटाव तालुक्यात होते. दुष्काळात लोकांना काम मिळावे म्हणून सरकार तिथे तलाव खोदत होते, आणि त्या कामावर ते खजिनदार होते. त्यांनी मुलांना सुट्टीत बोलावून घेतले. मुलांनी नवे सदरे शिवून घेतले, जरीच्या टोप्या घातल्या. पहिल्यांदाच आगगाडीत बसायचे म्हणून आनंदाला पारावार नव्हता. मसूर स्टेशनवर उतरली तर घ्यायला कुणीच नाही. वडिलांना पाठवलेले पत्र त्यांच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते.

स्टेशन मास्तर आधी चौकशी करायला आला. चांगल्या घरची, बहुधा ब्राह्मणांची मुले असावीत असा त्याचा समज झाला होता. महार आहोत हे कळताच त्याचा चेहरा उतरला आणि तो मागे सरकला. बैलगाड्या उभ्या होत्या, एकही गाडीवान न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि वर ही अट की गाडी मुलांनी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. सोबत भरपूर जेवण होते पण प्यायला पाणी नव्हते. ओढ्याचे पाणी चिखल आणि शेणाने भरलेले. मध्यरात्री टोलनाक्यावर पोहोचल्यावर गाडीवानाने शिकवल्याप्रमाणे आपण मुसलमान आहोत असे सांगून भिवाने नाकेदाराकडे पाणी मागितले. तरीही मिळाले नाही. डबे भरलेले तसेच राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास मुले वडिलांकडे पोहोचली.

ज्या गोष्टीकडे लक्ष जात नाही म्हटले ती ही: बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे की वेगळे बसणे, नळाला हात न लावणे हे त्यांना या प्रवासाआधीही माहीत होते. जग असेच असते, अशी त्यांची समजूत होती. या प्रवासाने ती समजूत हलली. मूल अपमान सोसते तेव्हा बहुतेक वेळा त्याला तो अपमान वाटतच नाही, नियम वाटतो. आमच्याशी बोलणारी वसतिगृहातली मुलेही आधी असेच सांगतात, तिथे तसेच असते म्हणून. ज्याला अजून आपल्यावर अन्याय झाला हेच नीट दिसलेले नाही, त्याच्याकडे माफी मागायला जाणे याला काय म्हणावे?

कुटुंब मुंबईला आले. परळच्या चाळीतली एक खोली, आणि एल्फिन्स्टन हायस्कूल. सरकारी शाळा, मोठ्या शहरातली. तिथे मास्तरांनी एकदा फळ्यावर उदाहरण सोडवायला बोलावले, तर वर्गातली मुले धावत फळ्याकडे गेली. फळ्यामागे त्यांचे जेवणाचे डबे ठेवलेले होते. भिवाची सावली पडण्याआधी डबे बाजूला करायचे होते. संस्कृत घ्यायचे होते, ते नाकारले गेले, फारशी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या हिमतीवर मिळवले, हा भाग वेगळा.

पण याच शाळांनी काही माणसेही दिली. साताऱ्यात आंबेडकर नावाचे एक ब्राह्मण गुरुजी होते. मधल्या सुट्टीत जेवायला मुलाला लांब घरी जावे लागू नये म्हणून ते आपल्या डब्यातली भाजीभाकरी त्याला देत. चरित्रकार सांगतात की बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेला निघाले तेव्हा या गुरुजींनी त्यांना पत्र लिहिले आणि बाबासाहेबांनी ते जपून ठेवले. मुंबईत कृष्णराव अर्जुन केळूसकर भेटले. बागेत वाचत बसणाऱ्या मुलाला त्यांनी हेरले. १९०७ साली मॅट्रिक झाल्यावर झालेल्या सत्कार सभेत त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र या मुलाच्या हाती दिले. त्या सभेचे अध्यक्ष होते सी. के. बोले, आपण ज्यांना रावबहादूर बोले म्हणून ओळखतो. याच बोल्यांनी १९२३ साली मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मांडला आणि त्या ठरावाच्या आधारावर महाडचा लढा उभा राहिला. शाळेचा नळ ते चवदार तळे या प्रवासात अशी माणसे मध्ये उभी आहेत.

म्हणून आम्ही म्हणतो की बाबासाहेबांनी ब्राह्मणांना माफ केले की नाही हा प्रश्नच चुकीचा आहे. डब्यातली भाकरी देणाऱ्या गुरुजींशी त्यांचे वैर नव्हतेच, तेव्हा माफीचा प्रश्न येतो कुठे? आणि गोणपाटाची व्यवस्था हा माणूस नव्हे, तिला माफ करता येत नाही. ती मोडावी लागते.

पदव्यांनी व्यवस्था मोडली नाही हेही त्यांनी भोगले. कोलंबियात आणि लंडनमध्ये शिकून १९१७ साली बडोद्याला नोकरीवर आले, तर राहायला जागा मिळेना. पारशी धर्मशाळेत नाव बदलून राहिले, अकराव्या दिवशी लाठ्या घेऊन लोक दारात उभे. शहरातल्या मित्रांनी घरात घेतले नाही. त्या दिवशी ते बागेत बसून रडले. १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, तिथे इतर प्राध्यापकांनी पाण्याच्या भांड्यावरून कुरकुर केली. साताऱ्याचा शिपाई इथेही हजर होता, फक्त कोट घालून.

आता या जखमेचे त्यांनी काय केले ते पाहू.

२० जुलै १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिने पहिल्यांदा हाती घेतलेल्या कामांत होते सोलापूरला मुलांचे वसतिगृह. १९२५ च्या सुरुवातीला ते सुरू झाले. सोलापूर हे त्या काळी दुसऱ्याही एका गोष्टीसाठी ओळखले जात होते. गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी वगैरे कुटुंबांना तारेच्या कुंपणात कोंडून ठेवणारी मोठी वसाहत तिथे होती. त्या कायद्यात मुलांना आईबापांपासून वेगळे काढून सुधारण्याची तरतूद होती. कॅनडाच्या शाळांमागचा विचार हाच. म्हणजे एकाच शहरात एकीकडे लेकरांना घरापासून तोडून माणसाळवणारे सरकार, आणि दुसरीकडे लेकरांना घर वाटेल असे वसतिगृह काढणारा, स्वतः गोणपाटावर बसलेला माणूस. निवासी शाळा दोन्हीकडे होती. फरक कुणाच्या हातात होती आणि कशासाठी होती यात होता.

मग महाड. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, आणि थोड्या वेळात मंदिरात शिरणार अशी अफवा उठवून परतणाऱ्या लोकांवर लाठ्या घेऊन हल्ला झाला. बायकापोरांना मारले. आपल्या माणसांत फौजेतून निवृत्त झालेले कितीतरी होते. बाबासाहेबांचा नुसता इशारा झाला असता तर महाडात काय झाले असते ते सांगायला नको. त्यांनी त्यांना आवरले. हात उगारू दिला नाही. पण गुंडांना माफ करा असेही ते म्हणाले नाहीत. खटले भरले गेले, आरोपींना शिक्षा झाल्या. डिसेंबरमध्ये ते पुन्हा महाडला गेले, आणि २५ डिसेंबरला मनुस्मृती जाळली. तो ठराव मांडला गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, जन्माने ब्राह्मण असलेल्या सहकाऱ्याने. तळ्याचा दावा दहा वर्षे चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयात निकाल आपल्या बाजूने लागला. सूड नाही, आणि विसरणेही नाही. या दोहोंच्या मध्ये दहा वर्षे कोर्टाची पायरी चढणे आहे. आमच्या मते बाबासाहेबांना समजायचे असेल तर त्यांची भाषणे जितकी महत्त्वाची, तितकीच ही चिकाटी.

१९३२ साली पुणे करारानंतर अस्पृश्यता निवारणासाठी सवर्णांनी संघ काढला, जो पुढे हरिजन सेवक संघ म्हणून ओळखला गेला. बाबासाहेब तेव्हा बोटीने लंडनला निघाले होते. बोटीवरून त्यांनी संघाचे सचिव अमृतलाल ठक्कर यांना लांबलचक पत्र पाठवले. त्यांचा मुद्दा असा होता की व्यक्तींना सुधारत बसण्यापेक्षा गावोगाव नागरी हक्कांची मोहीम काढा, विहिरी, शाळा, रस्ते खुले करून दाखवा, त्यातून मारामारी झाली तरी मागे सरू नका. हृदयपरिवर्तनाची वाट पाहून काही होत नाही, परिस्थिती बदलली की माणसाला विचार करावा लागतो. त्या पत्राची दखल घेतली गेली नाही. कॅनडाच्या आयोगासमोर बोललेल्या कितीतरी जणांचे म्हणणे याहून वेगळे नव्हते. त्यांनाही पश्चात्तापाच्या शब्दांआधी शाळेची कागदपत्रे, कबरींचा पत्ता आणि आपली भाषा हवी होती.

१९३५ च्या आसपास त्यांनी लहानपणच्या या आठवणी इंग्रजीत लिहून काढल्या. वेटिंग फॉर अ व्हिसा या नावाने त्या आज आपण वाचतो. पुस्तिका म्हणून त्या १९९० मध्ये, त्यांच्या पश्चात छापल्या गेल्या, आणि ज्या कोलंबिया विद्यापीठात ते शिकले तिथे त्या अभ्यासाला लावल्या जातात. ते लिखाण वाचताना आम्हाला दर वेळी एक गोष्ट जाणवते. त्यात शिवी नाही. गाडीवानाची भीतीही त्यांना दिसते, शिपायाचीही. काय झाले, कुठे झाले, किती वाजता झाले, भाडे किती दिले, एवढेच. साक्षीदाराने कोर्टात द्यावा तसा जबाब. आपल्याकडे आयोग बसला नाही असे आम्ही वर म्हटले, तर एका माणसाने एकट्याने बसवलेला आयोग हाच.

आणि मग धम्म. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात लाखो लोकांसह त्यांनी दीक्षा घेतली. ज्या धर्माने गोणपाट दिले तो सोडला, आणि सोडताना कुणाचे देऊळ फोडले नाही, कुणाच्या घरावर दगड टाकला नाही. वैराने वैर शमत नाही ही बुद्धांची शिकवण आपण सगळे ऐकून आहोत. पण ज्या गोष्टीच्या निमित्ताने विनयपिटकात ती येते ती गोष्ट मात्र क्वचितच सांगितली जाते. काशीचा राजा ब्रह्मदत्त कोसलच्या दीघीती राजाचे राज्य बळकावतो आणि पुढे त्याला राणीसकट ठार मारतो. मुलगा दीघावू ओळख लपवून ब्रह्मदत्ताच्या चाकरीला राहतो. एक दिवस अरण्यात राजा त्याच्या मांडीवर डोके ठेवून झोपतो. दीघावू तीन वेळा तलवार उपसतो आणि तीनही वेळा बापाचे शेवटचे सांगणे आठवून म्यान करतो. राजा जागा होतो, दोघे एकमेकांना अभय देतात. इथपर्यंत गोष्ट सगळे सांगतात. पुढे काय होते? ब्रह्मदत्त त्याच्या बापाचे राज्य, सैन्य, खजिना, कोठारे सगळे त्याला परत देतो.

म्हणजे आमच्या परंपरेतली क्षमा रिकाम्या हाताची नाही. तलवार म्यान झाली, आणि राज्यही परत मिळाले. गावात बैठक बोलावून तडजोड करा म्हणणाऱ्यांनी यातला पहिला अर्धा भाग तेवढा उचललेला असतो. तरुण मित्रांनो, अशा बैठकीत तुमच्यावर बौद्धपणाचा दाब आणला गेला तर दुसरा अर्धा भाग विचारा.

आपल्या मराठवाड्याला तर हे अधिकच लागू आहे. १९७८ साली विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव झाला तेव्हा वस्त्या जळाल्या, आपल्याच नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांना जिवे मारले गेले. १९९३ मध्ये गौतम वाघमारे यांनी नांदेडात स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. नाव मिळाले, पण ज्या गावांत घरे जाळली गेली तिथे कुणी उभे राहून आमचे चुकले असे म्हटल्याचे आम्ही अजून ऐकलेले नाही. तिथली आजची तरुण पिढी एकमेकांच्या लग्नाला जाते, एकाच टीममध्ये क्रिकेट खेळते. हे चांगलेच आहे. पण ते माफीमुळे झालेले नाही, माफी मागितलीच गेलेली नाही. आपली माणसे सूड न घेता जगत राहिली म्हणून ते झाले.

बाबासाहेबांनी मराठवाड्यासाठी जे केले त्याची मात्र सुरुवात शाळेपासूनच होते. निजामाच्या राजवटीत अख्ख्या मराठवाड्यात मुलांना पदवीपर्यंत शिकायला धड सोय नव्हती. १९४५ साली स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज काढले. बाबासाहेब तेव्हा देशाचे कायदामंत्री होते, तब्येत बिघडलेली होती, तरी इमारतीच्या नकाशापासून झाडांपर्यंत ते स्वतः लक्ष घालत. प्राचार्यपदावर त्यांनी म. भि. चिटणीस यांच्यासारखा सहकारी ठेवला, जो जातीने अस्पृश्य नव्हता. दार सगळ्या जातींच्या मुलांना उघडे होते. सोबत वसतिगृह. आमच्या भागातली, तेव्हाच्या वाढोण्याच्या बाजूची पोरे मुदखेडमार्गे नांदेड आणि तिथून औरंगाबाद असा गाडीचा प्रवास करून, वळकटी डोक्यावर घेऊन तिथे पोहोचत. पुढे याच परिसरातून अस्मितादर्श निघाले, दलित साहित्याची एक पिढी उभी राहिली.

त्या परिसराला नागसेनवन म्हणतात आणि कॉलेजला मिलिंद. मिलिंद हा ग्रीक राजा, भिक्खू नागसेनांना प्रश्न विचारून भंडावून सोडणारा. वाद सुरू होण्याआधी नागसेन त्याला एक अट घालतात. पंडितांसारखे बोलणार असशील तर बोलू, राजांसारखे बोलणार असशील तर नाही. पंडितांच्या वादात कुणी खोडून काढले, हरवले तरी कुणी चिडत नाही; राजाला विरोध केला तर तो दंड देतो. मिलिंद अट मान्य करतो. परिसराला नाव शिकवणाऱ्याचे आहे, कॉलेजला प्रश्न विचारणाऱ्याचे. आणि तिथे पाणी प्यायला शिपायाची वाट पाहावी लागत नव्हती.